भोपाळचा ३३७ टन कचरा आणि घातक कचऱ्याचा कायदा: एक प्रकरण अभ्यास

कारखान्याने घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त काळ आवारात साठवून ठेवायचा नाही, असे २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांतला आठवा नियम सांगतो. मुदतवाढ मिळते, पण ठरावीक कारणांसाठी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनेच. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला कचरा गोळा करून पोत्यांत भरला गेला आणि आवारातल्या एका शेडमध्ये ठेवला गेला, ते साल होते २००५. तिथून तो बाहेर पडला १ जानेवारी २०२५ च्या रात्री.

मधल्या वीस वर्षांत उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, केंद्राची दोन-तीन मंत्रालये, तीन राज्ये आणि एक परदेशी संस्था या शेडपर्यंत पोचून परतली. घातक कचरा जाळणाऱ्या-पुरणाऱ्या केंद्रांना लागू असलेला कायदा कुठे पक्का आहे आणि कुठे त्याची पकड सुटते, हे या प्रकरणाइतके दुसरीकडे क्वचितच दिसते. सुरक्षा अधिकारी, पर्यावरण अभियंते आणि वकिली करणारे, सगळ्यांनीच ते एकदा नीट वाचावे असे आहे.

कचरा कुठला आणि किती

भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. कार्बारिल हे तिथले मुख्य कीटकनाशक, बाजारात ते सेव्हिन नावाने विकले जाई. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली, त्यानंतर उत्पादन कायमचे थांबले. वायू काही तासांत पांगला. अर्धवट तयार कीटकनाशके, रिअ‍ॅक्टरमधले अवशेष, नॅफ्थॉलचा गाळ आणि गोदामांतली पोती मात्र जागच्या जागी राहिली. शिवाय कारखाना चालू होता त्या वर्षांत आवारातल्या खड्ड्यांत आणि आवाराबाहेरच्या सौर बाष्पीभवन तळ्यांत जे टाकले गेले, ते वेगळेच.

शेडमधल्या ३३७ टनांची फोड अशी: १६२ टन दूषित माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धप्रक्रिया झालेली कीटकनाशके आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला अवशेष. म्हणजे जवळजवळ निम्मा कचरा ही मातीच होती, आणि माती जळत नाही. हा तपशील पुढे राखेच्या वेळी लागणार आहे.

भोगवटादार कोण?

घातक कचऱ्याचा सगळा कायदा एका माणसाभोवती फिरतो. कचरा कमी कर, वेगळा ठेव, लेबल लाव, प्राधिकारपत्र (म्हणजे असा कचरा हाताळण्याची मंडळाची परवानगी) घे, नोंदी ठेव, दर वर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण दे, अपघात झाला तर लगेच कळव, नुकसान झाले तर भर. हे सगळे सांगायचे कोणाला? भोगवटादाराला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये त्याची व्याख्या मालकीवर बेतलेली नाही. कारखान्याच्या किंवा जागेच्या कारभारावर ज्याचे नियंत्रण आहे तो भोगवटादार, आणि एखाद्या पदार्थापुरते बोलायचे तर तो पदार्थ ज्याच्या ताब्यात आहे तोही.

हा कायदाच मुळात भोपाळनंतर आला. त्याच्याखाली घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये निघाले, २००८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि ४ एप्रिल २०१६ पासून आजचे नियम लागू झाले. कचरा मात्र या सगळ्याच्या आधीचा. कायदा जन्माला आला तेव्हा ज्याने कचरा केला त्याचा कारखाना बंद होता, आणि पुढे कंपनीही हातातून निसटत गेली. भारतीय कंपनीतला अमेरिकी मालकाचा हिस्सा १९९४ मध्ये विकला गेला, कंपनीचे नाव बदलले, १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने मूळ अमेरिकी युनियन कार्बाइड विकत घेतली, पण भोपाळची जबाबदारी आपली नाही ही भूमिका कायम ठेवली.

सफाईच्या खर्चापोटी डाऊने १०० कोटी रुपये आगाऊ जमा करावेत, असा अर्ज केंद्राच्या रसायन मंत्रालयाने २००५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात केला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करायची, हे तत्त्व तोवर आपल्याकडे रुजलेले होते. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचा नियम घालून दिला होता: धोकादायक धंदा करणाऱ्याला नुकसानीबाबत कुठलाही अपवाद सांगता येणार नाही. राजस्थानातल्या बिछरी गावात रासायनिक कारखाने बंद पडून गाळ तसाच राहिला होता, तिथे १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सफाईचा खर्च कारखानदारांवर टाकला. तत्त्व तयार होते, वसुली करायला समोर कोणी नव्हते.

माझे मत असे, की भोपाळमध्ये दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवले गेले आणि त्यात वर्षे गेली. खर्च कोणी द्यायचा हा एक प्रश्न, आज कचरा कोणाच्या ताब्यात आहे हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत १९९८ पासून स्पष्ट होते: जमीन राज्याची, कुलूप राज्याचे, शेडवरचा पहारा राज्याचा, तर भोगवटादारही राज्यच. पैसे नंतर वसूल करता आले असते. एरवी एखाद्या छोट्या रंगाच्या कारखान्यात चार पिंपे शंभर दिवस पडून राहिली, तर मंडळाची नोटीस येते. इथे नोटीस देणारे आणि घेणारे दोघेही एकाच सरकारचे.

शेवटी हे उच्च न्यायालयानेच बोलून दाखवले. आलोक प्रताप सिंह यांनी २००४ मध्ये जबलपूरला दाखल केलेली जनहित याचिका तेव्हापासून सुरूच होती. ३ डिसेंबर २०२४ रोजी, दुर्घटनेला चाळीस वर्षे पूर्ण होत असताना, न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या सुस्तीवर ताशेरे ओढले आणि चार आठवड्यांत कचरा हलवण्याचा आदेश दिला. तसे पाहिले तर केंद्राने १२६ कोटी रुपये त्याआधीच मंजूर केले होते. हिशेब केला तर टनामागे सुमारे ३७ लाख रुपये पडतात.

ना-हरकतीची वाट

आता मधल्या वर्षांकडे. हा कचरा जाळायचा कुठे, याचे पहिले उत्तर गुजरातमधले अंकलेश्वर हे होते. न्यायालयाचा आदेश झाला, गुजरातने २००७ मध्ये नकार दिला. मग २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीचे नाव पुढे आले. विदर्भात विरोध उठला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि महाराष्ट्रानेही नाही म्हटले. २०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझी संस्थेमार्फत कचरा विमानाने जर्मनीला नेऊन जाळायचा, असा सुमारे २५ कोटी रुपयांचा प्रस्ताव मंत्रिगटाने मंजूर केला. तिकडे विरोध सुरू झाला आणि काही महिन्यांत जीआयझीने अंग काढून घेतले.

ही राज्ये आडमुठी होती असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यांच्या हातात कायदेशीर अधिकार होता. अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा दुसऱ्या राज्यात न्यायचा तर आज दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. २००८ च्या नियमांतही कचरा संपवणारे केंद्र ज्या राज्यात आहे तिथल्या मंडळाची ना-हरकत लागत असे. पुनर्वापरासाठी माल जात असेल तर दोन्ही मंडळांना नुसते कळवले की भागते, जाळायला किंवा पुरायला जात असेल तर संमती हवी. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. घातक कचरा शक्यतो जिथे तयार झाला त्याच्या जवळच संपवावा, हा घातक कचऱ्याच्या देशादेशांतल्या ने-आणीवरच्या बासेल करारामागचाही विचार आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. परदेशी पाठवायचे तर आयात करणाऱ्या देशाची आगाऊ लेखी संमती लागते.

म्हणून शेवटी राज्यातलेच केंद्र उरले: धार जिल्ह्यातले पीथमपूर, भोपाळपासून सुमारे २५० किलोमीटर. २००८ मध्ये तिथे भोपाळचा सुमारे ४० टन चुन्याचा गाळ पुरला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ऑगस्ट २०१५ मध्ये तिथे भोपाळचाच १० टन कचरा चाचणी म्हणून जाळलाही गेला, आणि उत्सर्जन मर्यादेत असल्याचा अहवाल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिला. त्याआधीच्या चाचण्यांत डायऑक्सिनचे (क्लोरिनयुक्त माल जाळताना तयार होणाऱ्या अतिविषारी संयुगांचे) प्रमाण मर्यादेबाहेर गेले होते, हा पीडितांच्या संघटनांचा आक्षेप. २०१५ नंतरही दहा वर्षे गेली.

बारा कंटेनर, सात रंगांच्या प्रती

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा सीलबंद कंटेनर भोपाळहून निघाले. कचरा भरायला शंभराच्या आसपास कामगार होते आणि त्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने काम दिले होते. पुढेमागे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका. टीव्हीवर ग्रीन कॉरिडॉर दिसला. कायद्याच्या दृष्टीने त्या रात्रीची महत्त्वाची वस्तू मात्र चालकाजवळ होती.

घातक कचऱ्याची गाडी निघते तेव्हा तिच्याबरोबर मॅनिफेस्ट असतो, नियमांतला नमुना १०. त्याच्या सात प्रती. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाकडे पाठवतो. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. केंद्रावर माल उतरला की गुलाबी प्रत केंद्र ठेवून घेते, नारिंगी वाहतूकदाराला देते, हिरवी मंडळाला, निळी पाठवणाऱ्याला. राखाडी प्रत दुसऱ्या राज्यातून माल आला असेल तरच, पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळासाठी. निळी प्रत परत आली नाही, तर आपला कचरा वाटेत कुठल्या नाल्यात तर गेला नाही ना, हा प्रश्न पाठवणाऱ्याने विचारायचा असतो. बेकायदा ओतलेल्या टँकरच्या तपासात हीच निळी प्रत हरवलेली असते. भोपाळला राज्य एकच, त्यामुळे राखाडीची गरज नव्हती.

मॅनिफेस्टशिवाय चालकाजवळ ट्रेम कार्ड लागते, म्हणजे नमुना ९: गळती झाली तर काय करायचे, डोळ्यांत गेले तर काय, आग लागली तर पाणी मारायचे की फेस. पिंपांवर आणि पोत्यांवर नमुना ८ चे लेबल. वाहने मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक मालाच्या नियमांत बसणारी.

गाडी केंद्राच्या फाटकावर पोचल्यावर खरी परीक्षा असते, आणि बाहेरच्या माणसाला ती सहसा दिसत नाही. नवा कचरा स्वीकारण्याआधी केंद्राने त्याचे सविस्तर पृथक्करण केलेले असते. नंतर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नमुना घेऊन झटपट चाचणी होते: सामू किती, ज्वलनांक किती, उष्मांक किती, सायनाइड किंवा सल्फाइड आहे का. आधीच्या पृथक्करणाशी ते जुळले नाही तर गाडी फाटकावरूनच परत. रोज येणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत ही चाचणी अनेक ठिकाणी उरकली जाते. केंद्रातली आग, पिंपांचे स्फोट, कामगारांना वायूबाधा, यातले बरेचसे प्रकार याच टप्प्यावर अडवता येण्यासारखे असतात. आपल्याकडे चर्चा चिमणीची होते आणि फाटकावरच्या प्रयोगशाळेकडे कोणी बघत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पीथमपूरचे लोक

३ जानेवारीला पीथमपूर बंद होते. आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि ते भाजले. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंत सागर दूषित होईल, शेती जाईल, चाळीस वर्षे भोपाळने जे नको म्हटले ते आमच्या माथी का, असे प्रश्न होते. ६ जानेवारीला सरकारने न्यायालयाकडे वेळ मागितला आणि लोकांना विश्वासात घेण्यासाठी सहा आठवडे मिळाले.

कायद्यात इथे एक फट आहे. भट्टी असलेले घातक कचऱ्याचे सामाईक, म्हणजे अनेक कारखान्यांचा कचरा घेणारे, केंद्र उभारायचे तर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी जनसुनावणीची तरतूदही आहे. मंडळाची हवा आणि पाणी कायद्याखालची संमती, घातक कचरा नियमांखालचे प्राधिकारपत्र, सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ खालचा विमा, हे सगळे पुढे येते. पण एकदा केंद्र उभे राहिले, की त्याच्या प्राधिकारपत्रात बसणारा कुठलाही कचरा कुठूनही येऊ शकतो. प्रत्येक नव्या कचऱ्यासाठी गावाला विचारण्याची तरतूद नाही, आणि रोजच्या कामकाजात ती शक्यही नाही. भोपाळचा कचरा कागदावर 'कीटकनाशक उत्पादनातला अवशेष' याच वर्गातला. लोकांच्या मनातला त्याचा वर्ग निराळा होता. कागदोपत्री सगळे बरोबर असूनही कंटेनर आल्यावर गाव रस्त्यावर उतरते तेव्हा माहिती द्यायला उशीर झालेला असतो. सहा आठवडे न्यायालयाने दिले म्हणून मिळाले, आणि तेही गाड्या पोचल्यानंतर.

अकराशे अंश, दोन सेकंद

१८ फेब्रुवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने तीन टप्प्यांत ३० टनांच्या चाचणीला परवानगी दिली. चाचणी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारीला नकार दिला आणि त्याच दिवशी काम सुरू झाले. पहिल्या १० टनांना ताशी १३५ किलो, दुसऱ्यांना १८०, तिसऱ्यांना २७० असा वेग ठेवला होता.

वेग का बदलत नेला? सामाईक भट्ट्यांसाठी २००८ मध्ये उत्सर्जन मानके अधिसूचित झाली. त्यात दुय्यम ज्वलनकक्षाचे तापमान किमान ११०० अंश सेल्सिअस आणि वायू त्या कक्षात किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, अशी अट आहे. क्लोरिनयुक्त रेणू पुरते तुटायला एवढे लागते. भट्टीत एका दमात जास्त माल गेला की ऑक्सिजन कमी पडतो, तापमान खाली येते, वायू लवकर बाहेर ढकलला जातो, आणि चिमणीतून न जळलेले काहीतरी निघू लागते. म्हणून कमी भाराने सुरुवात करून, दर टप्प्याला उत्सर्जन मोजत भार वाढवायचा. चाचणी म्हणजे नुसती खात्री नव्हे. पुढच्या सगळ्या कामाची वरची मर्यादा तिच्यातून ठरते.

दुसरा धोका थंड होताना असतो. ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात वायू रेंगाळला तर तुटलेल्या तुकड्यांतून डायऑक्सिन पुन्हा तयार होते. त्यामुळे वायू एकदम थंड करावा लागतो, त्यात सक्रिय कोळशाची भुकटी सोडावी लागते, मग पिशव्यांचे फिल्टर, मग अल्कलीने वायू धुणारा स्क्रबर. कचऱ्यात चुना मिसळतात तो जळताना तयार होणारी आम्ले मारण्यासाठी. डायऑक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम विषाक्तता-तुल्य आहे, पाऱ्याची ०.०५ मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराइडची ५० मिलिग्रॅम.

धूळ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड ऑनलाइन मोजता येतात आणि ते आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. डायऑक्सिन तसे मोजता येत नाही. चिमणीतून काही तास नमुना ओढायचा, मोजक्या प्रयोगशाळांपैकी एकीला पाठवायचा आणि निकालाची वाट बघायची. लोकांना ज्याची सर्वांत जास्त भीती, तेच फाटकावरच्या पडद्यावर नसते. ऑनलाइन आकडे दाखवून विश्वास मिळवू पाहणाऱ्या प्रत्येक केंद्राला ही अडचण येते. तिच्यावर उपाय एकच: चाचणीच्या काळात नमुने कोण घेणार आणि कुठे तपासणार, हे आधीच जाहीर करून टाकणे.

चाचण्यांचे उत्सर्जन मर्यादेत असल्याचे २७ मार्चला न्यायालयाला सांगण्यात आले. उरलेला ३०७ टन ताशी २७० किलोने ७२ दिवसांत जाळायची मुभा मिळाली. त्या वेगाने भट्टी अखंड चालली तर ४७-४८ दिवस लागतात; बाकीचे दिवस बंद पडण्याचे आणि देखभालीचे धरलेले. ५ मे ला काम सुरू झाले आणि २९ व ३० जूनच्या मधल्या रात्री शेवटचा कचरा भट्टीत गेला.

राख कचऱ्यापेक्षा जड

बातम्यांत प्रकरण इथे संपले. कायद्याने संपले नव्हते, कारण ३३७ टन जाळून ८५० टनांहून अधिक राख आणि अवशेष उरले. वजन वाढले कसे, असे बरेच जण विचारतात. निम्मी माती होती ती तशीच राहिली, चुना मिसळला तो राखेत आला, फिल्टरमधली धूळ, कोळशाची भुकटी आणि स्क्रबरमधले क्षार त्यात जमा झाले. आणि भट्टी फक्त सेंद्रिय रेणू तोडते. पारा, शिसे, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत, ती जळून संपत नाहीत, फक्त जागा बदलतात.

घातक कचरा जाळून उरलेली राख हाही नियमांनुसार घातक कचराच. ती सुरक्षित लँडफिलमध्ये (गळती रोखणारे अस्तर घातलेल्या खड्ड्यात), तीही धातू विरघळून बाहेर येणार नाहीत अशी स्थिर करून आणि तशी प्रयोगशाळेत खात्री करून, पुरायची असते. लँडफिलची रचना केंद्रीय मंडळाच्या निकषांनी ठरते. तळाला घट्ट चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लास्टिक, त्यावर गळती ओळखणारा थर, मग पुन्हा चिकणमाती आणि एचडीपीईची दुसरी जोडी, वर झिरपणारे पाणी गोळा करणारा थर. खालच्या जोडीपर्यंत पाणी पोचले, म्हणजे वरची फाटली, हे त्या मधल्या थरातून कळते. भरून झाल्यावर वरून असेच आवरण आणि बंद केल्यानंतर ३० वर्षे देखरेख. नियम १६ ने केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी बंद झाल्यानंतरच्या काळापर्यंत नेलेली आहे. व्यवसाय दहा-पंधरा वर्षांचा आणि जबाबदारी पुढची तीस वर्षे, हे गणित केंद्राच्या ताळेबंदात आधीपासून निधी बाजूला काढला नसेल तर जमत नाही.

जागेच्या निकषांत वस्तीपासून ५०० मीटर अंतर आहे, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनही तेवढेच. राख पुरण्याची जागा वस्तीपासून जेमतेम अर्धा किलोमीटरवर असल्याचे समोर आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचा प्रस्ताव मान्य केला नाही आणि पर्यायी जागांचा विचार करायला सांगितले. राखेतल्या पाऱ्याबद्दलची शंकाही न्यायालयापुढे आली होती. म्हणजे भट्टीच्या बाबतीत जे घडले तेच पुन्हा: तंत्र उपलब्ध, निकष लिहिलेले, आणि अडकले ते जागेवर. राखेची जागा भट्टी पेटवण्याआधी ठरली असती तर बरे झाले असते. जाळण्याची परवानगी मागतानाच अवशेषांची अंदाजे राशी आणि ती पुरण्याचा नेमका कप्पा दाखवायला लावणे मंडळांना सहज शक्य आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्राधिकारपत्रात अट घातली की झाले.

शिक्षेबद्दल दोन ओळी. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ खाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने ती एप्रिल २०२४ पासून गेली. तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. कैद प्रत्यक्षात क्वचितच होई, हे खरे. पण टनाला लाखांत खर्च येणाऱ्या कचऱ्यापुढे १५ लाखांचा वचक किती? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची भरपाई आणि नियम २३ खालचे दायित्व यांचाच काय तो धाक उरतो.

शेडच्या खाली

३३७ टन हा पोत्यांत भरता आला तेवढा भाग. नागपूरच्या नीरी संस्थेने २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला तो सुमारे ११ लाख टनांचा. भोवतालच्या वस्त्यांच्या विहिरी आणि हातपंप दूषित झाल्याने तिथे स्वच्छ पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्येच द्यावा लागला होता. पीथमपूरच्याच वेगाने, ताशी २७० किलोने, ही माती जाळायची ठरवली तर साडेचारशे वर्षांहून अधिक लागतील. म्हणजे भट्टी हे तिचे उत्तर नव्हेच. जागच्या जागी बंदिस्त करून वरून आवरण घालणे, भूजल उपसून शुद्ध करणे, जास्त दूषित पट्टे तेवढे खणून काढणे, सूक्ष्मजीवांकडून कीटकनाशकांचे विघटन करवणे, अशा उपायांची जुळणी करावी लागेल.

त्यासाठी २०१६ चे नियम अपुरे पडतात. ते कचऱ्याचे आहेत: तयार होतो, भरतात, हलवतात, संपवतात. मातीत आणि पाण्यात मिसळून गेलेल्या विषाला मॅनिफेस्ट लावता येत नाही. दूषित जागांसाठीचे वेगळे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले, म्हणजे भोपाळचा शेवटचा कचरा जळल्यानंतर महिन्याभरात. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची, तपासणी राज्य मंडळाने, उपायाचा आराखडा तज्ज्ञ संस्थेने, आणि खर्च ज्याने जागा दूषित केली त्याने द्यायचा. तो सापडला नाही किंवा भरू शकला नाही तर केंद्राने आणि राज्याने. १९९८ पासून जमीन कोणाच्या नावावर आहे हे महसुली कागदांत लिहिलेले आहे, आणि जबाबदार व्यक्ती शोधायचे काम आता ज्या यंत्रणेकडे आले आहे ती त्याच सरकारची आहे.